किल्ली, चहा आणि सोमवारची बस

जिनू,

परवा बेळगावात तुझी शोकसभा झाली. ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात तू एका विषयात तीनदा नापास झालास, त्याच कॉलेजच्या सभागृहात. व्यासपीठावर तुझा मोठा फोटो होता. त्यात तू कोट घातला होतास आणि कुणीतरी दटावून हसायला लावल्यासारखा हसत होतास. बोलणारे सातजण होते आणि सातहीजणांनी तुझ्या आयुष्यातून काय शिकावं तेच सांगितलं. तुझ्या कंपनीतल्या एका तरुण साहेबानं तर पडद्यावर यादीच लावली. पहिला धडा, दुसरा धडा, असे दहा. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. एका बाजूला माझे वडील आप्पा, दुसऱ्या बाजूला चुलते तात्या. आयुष्यभर गणिताचे पेपर तपासल्यामुळं असेल, यादी दिसली की माझा हात आपोआप पर्समधल्या लाल पेनाकडं जातो.

पहिला धडा असा होता की, सर रोज फक्त चार तास झोपत. आता काय म्हणू तुला? दुपारी जेवल्यावर तू आमच्या अंगणात असा गाढ झोपायचास की आई तुझ्या चारी बाजूंनी पापड वाळत घालायची. कोंबड्यांना वाटायचं कुणीतरी राखणीला बसलंय. मग तू घोरायला लागलास की त्या पळायच्या, म्हणजे राखण खरोखरच व्हायची. आणि गेलास तोही तसाच. दुपारी जेवून आडवा झालास आणि उठलाच नाहीस. "जाण्यातसुद्धा आपली सवय मोडली न्हाय बघ," असं मी तुझ्या प्रभाला म्हणाले, आणि मग आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून खूप रडलो.

पण सभागृहात, चार तासांची झोप ऐकल्यावर, मला हसू आलं. चांगलं मोठ्यानं आलं. पहिल्या रांगेतून प्रभानं मागं वळून बघितलं, मला हसताना पाहिलं आणि पदर तोंडात धरला. तिचे खांदे गदगदा हलायला लागले. लोकांना वाटलं, बाईला हुंदका आवरेना. एका भल्या गृहस्थानं तिला पाण्याची बाटली नेऊन दिली. तुझ्या शोकसभेत तुझी बायको आणि तुझी मैत्रीण अशा हसत होत्या, हे तुला कळावं म्हणून आधी सांगून टाकते.

तिसरा धडा: सरांची कुठलीही मीटिंग सूर्यास्तापूर्वी संपत असे, यातून वेळेचं नियोजन शिकावं. जिनू, तू यांना खरं काहीच सांगितलं नव्हतंस का रे? तुझी आई सूर्य मावळल्यावर अन्नाला हात लावायची नाही, आणि तू ताटावर बसल्याशिवाय जेवायचीही नाही. तू दिवस बुडायच्या आत घरी पोचला नाहीस की ती तशीच उपाशी झोपायची. बेळगावात अनगोळच्या गल्लीत तुझी एक खोली होती तेव्हाही असंच, आणि बेंगळुरात काचेची इमारत झाली तेव्हाही असंच. तुझे सगळे इंजिनिअर उजेडी घरी जात होते ते एका म्हातारीला भूक लागायची म्हणून. हे यादीत लिहिलं असतं तर तो एक धडा तरी मी बरोबर दिला असता.

आणि त्याच आईपासून लपवून तू आमच्या चुलीपुढं बसून कांद्याचं पिठलं खायचास, मग मूठभर ओवा चावायचास, हेही यादीत नव्हतं. पण ते राहू दे.

सातवा धडा आला तेव्हा मात्र माझं हसणं थांबलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आपण कुणाचा चहा बंद करतोय? कंपनीत नवं काहीही करायचं ठरलं की आधी एकानं उभं राहून हा प्रश्न विचारायचा, अशी तुझी पद्धत. बेंगळुरातली पोरं म्हणे कन्नडात विचारतात, "यार चहा?" म्हणजे कुणाचा चहा, आणि सगळे हसतात, पण विचारल्याशिवाय पुढं जात नाहीत. त्या तरुण साहेबानं त्याचा अर्थ सांगितला. सरांना चहाची फार आवड होती, कामाच्या गडबडीत कुणाचा चहा चुकू नये अशी त्यांची माया होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डावीकडं आप्पा चपलेच्या अंगठ्याकडं बघत होते आणि उजवीकडं तात्या टोपी सारखी करत होते. त्या चहाचं खरं काय ते सभागृहात आम्हा तिघांनाच माहीत होतं. आणि त्यातलं निम्मं फक्त मला.

माझा नंबर शेवटचा होता. "सरांच्या बालमैत्रीण, निपाणीच्या हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या शालनबाई," अशी माझी ओळख करून देणार होते. दोन मिनिटांत काहीतरी प्रेरणादायी सांगा, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. आणि मी ठरवत होते, जे तुलाही कधी सांगितलं नाही ते या दोन म्हाताऱ्यांसमोर सांगायचं की नाही.

तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते. तुझ्याशी बोलताना मला मधूनच सुरुवात करता येत नाही.

आप्पा आणि तात्या, दोघं सख्खे भाऊ, वाटण्या झालेले. शेत वाटलं, बैल वाटले, विहीर वाटता येईना. मग पाण्याची पाळी ठरली, एक आठवडा आमचा, एक आठवडा तात्यांचा. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला एक कुलूप आणि त्या कुलपाला एकच किल्ली. दर सोमवारी सकाळी ज्याची पाळी संपली त्यानं स्वतः जाऊन दुसऱ्याच्या हातात किल्ली द्यायची. गड्याकडं पाठवायची नाही, दारातून टाकायची नाही. आणि किल्ली घेऊन आलेल्याला चहा द्यायचा. एवढाच नियम होता, तोही कुणी बोलून ठरवलेला नव्हता. आठवडाभर बांधावरून एकमेकांना न बघता जाणारे हे दोघे त्या चहाला मात्र तासभर बसायचे. बोलायचे म्हणजे काय, एकजण म्हणायचा, "बांधावरला आंबा मोहरलाय." दुसरा बशीत फुंकर मारून म्हणायचा, "व्हय." त्यातूनच तात्यांच्या मंगलला बघायला पाहुणे कधी बोलवायचे ते ठरायचं, आणि बांध कुणी कोरला तेही मिटायचं.

एक सोमवार सोडून एका सोमवारी तात्या आमच्याकडं यायचे. चहा मी करायची. मी तेव्हा निपाणीत कॉलेजला होते आणि माझी बस पावणेआठला होती. तात्या साडेसातला यायचे, पहिला कप बशीत ओतून पाव तास प्यायचे, मग कप पुढं करून म्हणायचे, "आणि एक घोट टाक गं, शालन." बस गेल्याचा आवाज मला चुलीपाशी ऐकू यायचा. पुढची बस थेट साडेनवाला. पहिले दोन तास बुडायचे, आणि ते दोन्ही गणिताचे.

तू तेव्हा बेळगावात उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात लागला होतास. शनिवारी गावाकडं यायचास आणि सगळ्यांची बिघडलेली यंत्रं उघडून बसायचास. एकदा जोत्यावर तू आमच्या रेडिओचे तुकडे मांडून बसला होतास आणि मी तुला म्हणाले, "जिनू, ही किल्लीची कटकट घालव रं कायतरी करून. बस चुकते माझी."

तू तीन महिने खपलास. जुना मोबाईल, दोन रिले म्हणजे विजेचे खटके, आणि तुझ्या आईचा चकलीचा डबा. त्या डब्याला शेवटपर्यंत तेलाचा वास येत होता. एका रविवारी तू आमच्या अंगणात उभा राहून फोन लावलास आणि पलीकडं मळ्यात मोटार सुरू झाली. पाटाला पाणी आलं. आप्पांनी तुझा फोन कपाळाला लावला, तात्यांनी वाटीभर साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली. आप्पांचा आणि तात्यांचा, दोघांचे नंबर तू डब्यात घातलेस. आता कुलूप नको, किल्ली नको, आपापल्या आठवड्यात आपापल्या घरून फोन करायचा. तात्यांनी किल्ली नेऊन आपल्या घरात खिळ्याला अडकवली. पुढच्या सोमवारी बसथांब्यावर सगळ्यांत आधी मी होते.

तुझी गोष्ट सांगणारे सगळे या जागी साप सांगतात. अंधारात मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला साप दिसला आणि तरुण अभियंत्याचं मन हेलावलं. परवाही एकानं सांगितला, चांगला रंगवून. हा साप तू स्वतःच सोडलास, मुलाखतींमधून. मी तुला एकदा विचारलं होतं, "खरं का सांगत न्हाईस?" तू म्हणालास, "साप बरा दिसतोय गं. बस कशी दिसंल?" मी तेव्हा हसले. तू मला झाकत होतास हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

कारण पुढं जे झालं ते वाईट झालं. चार महिन्यांत झालं. एका सोमवारी पाळी तात्यांची लागली होती आणि आप्पांनी सवयीनं फोन लावला. मोटार दुपारपर्यंत आमच्या उसात चालली. तात्यांची उसाची नवी लागण तहानलेली राहिली. किल्ली असती तर ही चूक होऊच शकली नसती, किल्ली त्यांच्या हातात असती. आणि झाली असती तरी चहाबरोबर गिळली गेली असती. आता चहाच नव्हता. आप्पांनी निरोप धाडला, चुकून लागला. तात्यांनी उलटा निरोप धाडला, "फोन चुकून लागतोय व्हय?" आप्पांना ते झोंबलं. त्यांनी पुढचा निरोप धाडलाच नाही.

मंगलचं लग्न झालं आणि आप्पांना बोलावणं आलं नाही. आमच्या घरापासून मांडव दिसत होता. आप्पा दिवसभर गोठ्यात दावी वळत बसले. तू वाढपी होतास त्या लग्नात. पंगती उठल्यावर तू एक ताट झाकून आमच्याकडं आणलंस आणि आप्पांपुढं ठेवलंस. आप्पांनी ताटाला हात जोडले आणि उठून गेले. तू पायरीवर बसलास. मग म्हणालास, "शालन, यंत्र लई बेस चाललंय. त्येचंच वाईट वाटतंय."

तेव्हा आई आतून म्हणाली, "किल्ली होती तवा चहा तरी होत होता."

"कसला चहा, काकू?" तू विचारलंस. सोमवारी तू बेळगावात असायचास, तुला ठाऊकच नव्हतं. आईनं सगळं सांगितलं. तू ऐकलंस आणि माझ्याकडं बघितलंस. मी तांदूळ निवडत होते. मी मान वर केली नाही, जिनू.

मला माहीत होतं. हेच ते, जे तुला कधी सांगितलं नाही. तो चहा मी करत होते, त्या दोघांचं बोलणं मला चुलीपाशी ऐकू येत होतं. या दोन घरांचं सगळं काही त्या एका तासावर उभं आहे हे मला तुझ्यापेक्षा, आईपेक्षा, त्या दोघांपेक्षाही जास्त ठाऊक होतं. तरी मी तुला "किल्लीची कटकट" म्हणाले. चहा म्हटलं असतं तर तू डबा केलाच नसतास. तू दुसऱ्या दिवशी दोन्ही घरी जाऊन हात जोडलेस आणि म्हणालास, "चूक माझी हाय. मी इचारायचं राहिलं." जन्मभर तसंच म्हणत राहिलास. आणि मी मोठी गणितवाली, तांदूळ निवडत बसले.

मग तू दुसरी पेटी केलीस. त्या पेटीबद्दल किती भांडलो आपण. मी म्हणत होते, सोपं गणित आहे. पेटीत दिवसांचा हिशेब घाल. एक आठवडा आप्पांच्या फोननं चालेल, एक आठवडा तात्यांच्या. कुणाला चूक करताच येणार नाही. तू म्हणालास, "गणित सोपं हाय गं. पण यंत्रानं न्याय द्याय लागलं की माणसं एकमेकांकडं बघायची बंद हुत्यात." पुढं जगभर विकलीस ती माझ्या गणिताची पेटी, मोठा झालास तो तिच्यावर, आणि दरवेळी मी तुला टोमणा मारला. पण आपल्या विहिरीवर मात्र तू दोन बटणांची पेटी लावलीस. सोमवारी दोघांनी विहिरीवर यायचं, एकानं इकडचं बटण धरायचं, दुसऱ्यानं तिकडचं, दोन्ही एकदम दाबल्याशिवाय आठवडाभर मोटार सुरूच होणार नाही. जगात असा एकच नग. तुझे इंजिनिअर त्याला हसायचे.

पहिल्या सोमवारी ते दोघे पेटीच्या दोन बाजूंना उभे राहिले. आप्पांचं तोंड निपाणीकडं, तात्यांचं तोंड बेळगावकडं, आणि अंगठे बटणावर. वेळ जमेना. एक दाबायचा तेव्हा दुसरा सोडायचा. शेवटी तात्या वैतागून म्हणाले, "एक, दोन, तीन म्हण की." चौदा महिन्यांनी पहिलं वाक्य. आप्पा म्हणाले, "तूच म्हण." मोटार सुरू झाली. मी बांधावर पाठ वळवून उभी राहिले, कारण मला रडताना बघितलं की आप्पा चिडतात.

आणि कुणी रुसून आलंच नाही तर पेटी तिसऱ्या माणसाला फोन लावायची. तो तिसरा तू. फोनवर आवाज माझा. आमच्या स्वयंपाकघरात तू तो भरून घेतला होतास, मागं कुकरची शिट्टी ऐकू येते. "जिनू, विहिरीवर बघ रं, कोणतरी रुसलंय." त्या आवाजानं तुला कुठंकुठं गाठलं. परदेशात मोठमोठ्या माणसांच्या बैठकीत बसलेला असलास तरी तू उठून बाहेर जायचास आणि तात्यांना म्हणायचास, "तात्या, लांब हाय मी, जावा की वाईच विहिरीवर." तात्या निम्म्या वेळा मुद्दामच जायचे नाहीत, तुझा फोन यावा म्हणून. हे त्यांनी परवा कबूल केलं.

तू गेलास त्यानंतरच्या सोमवारी तात्या विहिरीवर गेले नाहीत. रुसून नव्हे. घरात बसून राहिले. पेटीनं फोन लावला. तुझा फोन प्रभाकडं होता, तिनं उचलला आणि माझा वीसेक वर्षांपूर्वीचा आवाज ऐकला, शिट्टीसकट. तिनं मला फोन केला. म्हणाली, "शालनआक्का, मी काय करायचं असतंय आता?" मी म्हटलं, तात्यांना फोन लाव आणि जावा की म्हण. तिनं लावला. तात्या गेले.

तर परवा सभागृहात माझं नाव पुकारलं. मी वर गेले. कागद नेला होता, तो उघडलाच नाही. मी म्हणाले, सातवा धडा चुकला आहे, आणि साप खोटा आहे. मग मी किल्ली सांगितली, चहा सांगितला, मांडव सांगितला. हा माणूस मोठा का, तर पहिल्याच यंत्रात त्यानं घोडचूक केली आणि ती कधी विसरला नाही, म्हणून नवं काही करण्याआधी जन्मभर तो प्रश्न विचारत राहिला. एवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं. टाळ्या मिळाल्या असत्या. समोर आप्पा आणि तात्या बसले होते, दोघांच्या माना ताठ. मला वाटलं, आता सांगितलं आणि हे दोघं पुन्हा तुटले, तर बटण दाबून घ्यायला तू नाहीस. पण तुझ्या फोटोसमोर उभं राहून तुझ्यावर आणखी एक खोटं टाकणं मला जमेना. मी म्हणाले, "ती चूक जिनूची नव्हती. चहा मोडतोय हे मला ठाऊक होतं. मी त्याला सांगितलं नाही. माझी बस चुकत होती."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी खाली आले आणि दोघांच्या मधे बसले.

परतताना जीप संकेश्वरला पोचली. मी खिडकीतून बाहेर बघत होते. मग मागून तात्या म्हणाले, "शालन, बस कितीला असायची गं तुझी?"

"पावणेआठला."

"मग सांगायचं न्हाय व्हय? सातला आलो असतो की."

त्यावर आप्पा, ज्यांनी बेळगावपासून तोंड उघडलं नव्हतं, म्हणाले, "तू? सातला? आंघूळ नवाला करणारा तू."

"तू काय बघाय येत हुतास व्हय माझी आंघूळ?"

"गावाला ठावं हाय ते."

आणि जिनू, निपाणीचा फाटा येईपर्यंत ते दोघं तात्यांच्या आंघोळीवरून भांडले. ड्रायव्हर गालात हसत होता. मी इतकी वर्षं उराशी बाळगलेली गोष्ट त्यांनी त्या आंघोळीत बुडवून टाकली. एवढी साधी उत्तरं असतात हे मला कुणी शिकवलं नाही. तूही नाही. तूसुद्धा मला झाकत बसलास. मी कधी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस का, की तुला त्या दिवशी पायरीवरच कळलं होतं? कळलं होतंच. तू माझ्याकडं बघितलंस ते बघणं मी ओळखते. हे एक भांडण आपलं राहिलं. आणि पेटीच्या भांडणात तू जिंकलास, हे इथं लिहून देते.

आज सोमवार. सकाळी सातला दहा मिनिटं कमी असताना अंगणात खोकल्याचा आवाज आला. बघते तर तात्या. आंघोळ केलेली, कपाळाला गंध, इस्त्रीचा सदरा. हातात किल्ली. मोटारीच्या खोलीचं दार कधीच निखळून पडलंय, ती किल्ली आता जगात काहीच उघडत नाही. इतकी वर्षं त्यांच्या घरात खिळ्याला होती, खाली गंजाचा डाग पडला होता म्हणे. त्यांनी ती आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी उलटीपालटी करून बघितली आणि खिशात टाकली.

मग तात्या माझ्याकडं वळून म्हणाले, "लवकर आलोय बघ. बस चुकाय नको तुझी."

मी गेली कित्येक वर्षं स्कूटरनं शाळेत जाते. मी ते सांगितलं नाही. चहा ठेवला. तात्यांनी पहिला कप बशीत ओतला. आप्पा म्हणाले, "जिनूची पेटी अजून बेस चालतीया." तात्यांनी बशीत फुंकर मारली आणि म्हणाले, "व्हय." बाहेर पुष्कळ वेळ काहीच बोलणं नव्हतं, आणि मी आत उभी राहून ते ऐकत होते. चहा पिऊन दोघं विहिरीवर जाणार आहेत, बटणं दाबायला. पेटीतला तुझा नंबर आम्ही काढलेला नाही. प्रभा म्हणते, तो फोन ती कायम सुरू ठेवणार आहे, कोणतरी रुसलं तर कळायला पाहिजे.

घड्याळात साडेसात झाले. मी पर्स घेतली, चावी घेतली आणि दारापर्यंत आले. तेवढ्यात तात्यांनी कप पुढं केला. "आणि एक घोट टाक गं, शालन."

मी पर्स खाली ठेवली आणि पातेलं परत चुलीवर चढवलं. आज मला शाळेत जायला उशीर झाला, जिनू.